मोंढ्यातल्या सर्व्हरचा स्नॅपशॉट बॅकअप आपोआप कसा लावायचा, पहिल्या कमांडपासून रिस्टोअरपर्यंत

सोयाबीनची आवक भरात होती तेव्हाची गोष्ट. लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानातून सकाळी साडेदहाला फोन आला, मुनीमकाका बोलत होते, "सर, तीन दिवसांच्या काटापट्ट्या ज्या शीटमध्ये चढवल्या होत्या ना, ती उघडली तर कोरी यायलीय." बाहेर सौदा निघायची वेळ, शेतकरी पट्टीसाठी पायरीवर बसलेले, आणि काकांच्या हातात काटापट्ट्यांचा गठ्ठा, त्यातल्या निम्म्या पावसानं ओल्या होऊन शाई पसरलेली, म्हणजे परत चढवायचं म्हटलं तरी कशावरून चढवणार. झालं एवढंच होतं की कोरा नमुना उघडून त्यांनी त्याच नावानं सेव्ह केला होता. सर्व्हरवर दहा वाजताचा स्नॅपशॉट होता, त्यातून ती एक फाईल कॉपी करून दिली, पाच मिनिटं लागली. त्या दिवशी मालकांनी विचारलं की हे नेमकं काय आहे आणि दुसऱ्या दुकानात पण लावता येईल का, आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या बऱ्याच पोरांनी, म्हणजे जालना-नांदेडकडे छोट्या ऑफिसांचं काम बघणाऱ्यांनी, हाच प्रश्न विचारलाय म्हणून इथं सगळं सविस्तर लिहितो.

मी हे झेडएफएसवर सांगतोय. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ही फाईल सिस्टिम तयार झाली, २००५ साली तिचा कोड ओपन सोलारिसमधून खुला झाला, आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस नावानं तिचं काम एकत्र चालतं. उबंटूवर चालते, ट्रूनॅसमध्ये तर मुळातच तीच आहे. तुमच्याकडे बीटीआरएफएस ही दुसरी फाईल सिस्टिम असेल तर कमांड वेगळ्या पण विचार तोच. एलव्हीएम, म्हणजे लिनक्समधली डिस्कची वाटणी करणारी सोय, तिचे जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट मात्र मी रोजच्या बॅकअपला वापरत नाही, कारण त्यांना आधी ठरवून जागा द्यावी लागते आणि ती जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो, आणि तो नेमका तुम्हाला हवा त्या दिवशी बाद झालेला असतो.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय.

आधी स्नॅपशॉट म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसू द्या. झेडएफएस जुन्या जागेवर कधीच नवीन लिहीत नाही, बदललेला तुकडा नवीन जागी लिहिते आणि मग पत्ता बदलते. स्नॅपशॉट काढला म्हणजे आपण तिला एवढंच सांगतो की या घडीचे जुने तुकडे पुसू नको. म्हणून तो सेकंदात निघतो आणि काढताना जवळपास शून्य जागा घेतो, मग जसजशा फाईली बदलतात तसतशी त्यानं धरून ठेवलेली जागा वाढते. यातूनच लोकांचा नेहमीचा गोंधळ होतो, ५० जीबीचा फोल्डर उडवला तरी डिस्क रिकामी का होत नाही, तर तो स्नॅपशॉटमध्ये अजून धरलेला असतो म्हणून. आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक मालकाला समोर बसवून सांगतो: स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क जळाली, मशीन चोरीला गेलं, वरून पाणी गळालं, की फाईलीही गेल्या आणि स्नॅपशॉटही गेले. तो दुसऱ्या मशीनवर पोचला की मगच त्याला बॅकअप म्हणायचं.

डेटासेट वेगळे करा

सगळा डेटा एकाच डेटासेटमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या एकाच कप्प्यात, कोंबू नका. मी पूलला, म्हणजे डिस्का मिळून होणाऱ्या आख्ख्या साठवणीला, साठा नाव देतो आणि त्याखाली हिशोब, स्कॅन, आणि तात्पुरतं असे वेगळे डेटासेट करतो: झेडएफएस क्रिएट साठा/हिशोब, असंच बाकीचं. कारण सोपं आहे, हिशोबाचे स्नॅपशॉट वर्षभर ठेवावे लागतात आणि डाउनलोडच्या कचऱ्याचे एक दिवसही नकोत, आणि स्नॅपशॉट हा पूर्ण डेटासेटचा निघतो, एका फोल्डरचा निघत नाही.

आता हातानं एक काढून बघा: झेडएफएस स्नॅपशॉट साठा/हिशोब@चाचणी. मग एक फाईल मुद्दाम उडवा आणि त्या डेटासेटच्या मुळाशी जाऊन सीडी .झेडएफएस/स्नॅपशॉट/चाचणी करा. हा फोल्डर एलएस मारून दिसत नाही, पण नाव टाइप केलं की उघडतो, आत त्या घडीचा सगळा डेटा फक्त वाचण्यापुरता असतो, तिथून सीपीनं फाईल परत आणायची. रोलबॅक नावाची कमांड पण आहे, पण एक फाईल हवी असताना ती मारू नका, ती आख्खा डेटासेट मागं नेते, मधल्या वेळेत बाकीच्यांनी केलेलं काम जातं, आणि जुन्या स्नॅपशॉटवर जायला -आर लावलं तर त्यानंतरचे सगळे स्नॅपशॉट पुसून टाकते. मी आजवर रोलबॅक फक्त एकदा वापरलंय, तेही आधी दुसऱ्या मशीनवर कॉपी पोचल्याची खात्री करून.

विंडोजवाल्यांसाठी सांबामध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या फाईली विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, शॅडो कॉपी टू हे मॉड्यूल चालू करा. मग मुनीमकाका स्वतःच फाईलवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या बघू शकतात. यात स्नॅपशॉटच्या नावाचा साचा सांबाच्या सेटिंगशी तंतोतंत जुळावा लागतो आणि नावात आपली स्थानिक वेळ असेल तर लोकलटाइम यस करावं लागतं, नाहीतर साडेपाच तासांचा फरक दिसतो.

स्क्रिप्ट

मी एकच बॅश स्क्रिप्ट लिहितो आणि तिला तीन गोष्टी बाहेरून देतो: डेटासेट, प्रकार, आणि किती ठेवायचे तो आकडा. तासाचे २४, रोजचे ३०, महिन्याचे १२, एवढं छोट्या दुकानाला पुरतं.

पहिल्या ओळीत शेबँग, म्हणजे स्क्रिप्ट बॅशनं चालवायची हे सांगणारी खूण, दुसऱ्या ओळीत सेट -ईयू आणि मग -ओ पाइपफेल. ही दुसरी ओळ टाळू नका. ई म्हणजे एखादी कमांड फसली की तिथंच थांब, यू म्हणजे व्हेरिएबल कोरं असेल तर पुढं जाऊ नको, पाइपफेल म्हणजे पाइपच्या, एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणाऱ्या, साखळीतली मधली कडी तुटली तरी ते अपयशच धर. ही ओळ नसली तर दुसऱ्या मशीनवर पाठवणारं सेंड अर्ध्यात तुटलं तरी स्क्रिप्ट सगळं बरोबर झालं म्हणून मोकळी होते.

तिसरी ओळ पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची, त्यात युझर-एसबिन आणि एसबिन हे फोल्डर लिहायचेच, कारण क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला, तुमच्या टर्मिनलइतका पाथ मिळत नाही, हातानं चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये कमांड नॉट फाउंड म्हणते ती यामुळंच. मग एफलॉक -एन लावा, म्हणजे आधीची फेरी चालू असेल तर दुसरी सुरूच होणार नाही.

नाव तयार करताना डेट कमांडला अधिक चिन्ह देऊन वर्षासाठी मोठा वाय, महिन्यासाठी छोटा एम, दिवसासाठी छोटा डी, तासासाठी मोठा एच आणि मिनिटासाठी मोठा एम, प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह. महिना आणि मिनिट यांच्यात फक्त छोट्या-मोठ्या एमचा फरक आहे, एकाची गल्लत झाली की नावं विचित्र होतात आणि शोधताना डोकं फिरतं. वर्ष पुढं ठेवलं की नावं आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. शेवटी नाव बनतं साठा/हिशोब@रोज-२०२५-०१-१५_२३०० असं काहीतरी, आणि पुढची ओळ झेडएफएस स्नॅपशॉट आणि ते नाव. डेटाबेस आणि त्याचे लॉग वेगवेगळ्या डेटासेटवर असतील तर वरच्या डेटासेटवर -आर लावून काढा, खालचे सगळे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे निघतात, वेगवेगळ्या कमांडनं काढले तर त्यात सेकंदांचा फरक पडतो आणि डेटाबेसला तेवढा पुरतो बिघडायला.

डेटाबेसबद्दल इथंच सांगतो. इनोडीबीच्या टेबलांचा मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस असेल तर डेटा आणि लॉग एकाच क्षणाचे असले की रिस्टोअर करताना तो लाईट गेल्यानंतर उठतो तसा स्वतःला सावरून घेतो. तरी मी रात्रीच्या स्नॅपशॉटआधी एक डंप, म्हणजे डेटाबेसची फाईलमध्ये उतरवलेली नक्कल, त्याच डेटासेटमध्ये काढून ठेवतो, दोन वाटा असलेल्या बऱ्या. टॅलीसारखा हिशोब असेल तर तासाचे स्नॅपशॉट दिवसभर चालू द्या, पण ज्याच्यावर भिस्त ठेवायची तो रात्री अकराचा, जेव्हा कोणी कंपनी उघडून बसलेलं नसतं.

जुने पुसणं

इथं सगळ्यात जास्त जपा, आख्ख्या लेखातली सगळ्यात धोक्याची कमांड हीच आहे. यादी अशी काढायची: झेडएफएस लिस्ट -मोठा एच -टी स्नॅपशॉट -ओ नेम -छोटा एस क्रिएशन -डी १ साठा/हिशोब, त्याला पाइप करून ग्रेप @रोज-, त्याला पाइप करून हेड -एन -३०. हेडला उणे तीस दिलं की शेवटचे तीस सोडून बाकीचे, म्हणजे जुने तेवढे मिळतात. मग एकेक नाव घेऊन झेडएफएस डिस्ट्रॉय.

डिस्ट्रॉयला ॲटचं चिन्ह असलेलं नाव मिळालं तर स्नॅपशॉट जातो, चिन्ह नसलेलं मिळालं आणि सोबत -आर असेल तर डेटासेट, त्याचे सगळे स्नॅपशॉट, खालचं सगळं, एका झटक्यात जातं आणि ते कसलंच विचारत नाही. म्हणून पुसायच्या भागात -आर लिहायचंच नाही, आणि प्रत्येक नावात @रोज- आहे का हे इफ लावून परत तपासायचं, ग्रेपनं आधी गाळलं असलं तरी. पहिले आठ दिवस डिस्ट्रॉय -एनव्ही ठेवा, ती खरं काही पुसत नाही, काय पुसलं असतं आणि किती जागा मोकळी झाली असती एवढंच दाखवते. ती यादी डोळ्यांनी वाचा, मगच एन काढा. आणि पुसणं नेहमी नवीन स्नॅपशॉट निघाल्यानंतर ठेवा, आधी नाही, म्हणजे नवीन निघाला नाही तर स्क्रिप्ट तिथंच थांबते आणि जुने शाबूत राहतात.

स्नॅपशॉटनी किती जागा धरलीय हे बघायला झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस मारा. एकेका स्नॅपशॉटसमोर जो वापर दिसतो तो फक्त त्या एकट्यानं धरलेल्या जागेचा असतो, दोघांनी मिळून धरलेली जागा त्यात येत नाही, म्हणून ती बेरीज करून अंदाज बांधू नका. पूल ८० टक्क्यांच्या वर जायच्या आत हालचाल करा.

क्रॉन, टक्का आणि लाईट

क्रॉनटॅबमध्ये पाच खाने असतात, मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रोज रात्री अकराला हवं तर शून्य, तेवीस आणि तीन फुल्या, पुढं स्क्रिप्टचा पूर्ण पाथ. सर्व्हरचं घड्याळ आधी डेटनं बघा, भाड्यानं घेतलेली मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, असतात, तिथं रात्री आठ म्हणजे आपल्याकडं दीड वाजलेला असतो.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो, कारण ती कुणाकडूनही होईल. सुरुवातीला मी स्क्रिप्ट न करता डेटसकट पूर्ण कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिली होती. क्रॉनमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ असतो, त्याच्या पुढचं तो कमांडला इनपुट म्हणून देतो. त्यामुळं कमांड अर्धीच चालायची, रोज फसायची, आणि फसल्याचा निरोप रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युझरच्या, मेलबॉक्समध्ये जाऊन पडायचा जो कोणी उघडतच नव्हतं. परभणीच्या एका क्लिनिकमध्ये हे सहा आठवडे चालू होतं आणि मला कळलं ते फक्त मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो म्हणून. नशिबानं त्या काळात काही हरवलं नाही. पण ते सहा आठवडे डॉक्टर मॅडम माझ्या शब्दावर निर्धास्त होत्या, ते मला आजही टोचतं. टक्क्याआधी उलटा स्लॅश लावला की अडचण जाते, पण त्याहून बरं म्हणजे सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव.

दुसरी गोष्ट लाईटची. आपल्याकडं लोडशेडिंग असो की वळवाचा पाऊस, नेमकं अकरा वाजता मशीन बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो, नंतर आठवण ठेवत नाही. म्हणून रोजच्या कामाला मी आता लिनक्समधल्या सिस्टिमडीचा टायमर लावतो, त्यात ऑनकॅलेंडरमध्ये वेळ आणि पर्सिस्टंट ट्रू लिहिलं की मशीन परत चालू झाल्यावर चुकलेली फेरी लगेच होते. तासाच्या स्नॅपशॉटला क्रॉन चालतो, एखादा हुकला तर पुढचा येतोच.

दुसऱ्या मशीनवर पाठवणं

पहिल्यांदा पूर्ण पाठवायचं: झेडएफएस सेंड साठा/हिशोब@पहिला, पाइप, एसएसएच दुसरं मशीन, झेडएफएस रिसीव्ह -यू भांडार/हिशोब. त्यानंतर रोज फक्त फरक: सेंड -छोटा आय, आधी कालचा स्नॅपशॉट, मग आजचा. फरक पाठवायला कालचा स्नॅपशॉट दोन्हीकडं हवा, इकडून तो पुसला गेला की परत पूर्ण पाठवावं लागतं. म्हणून प्रत्येक यशस्वी फेरीनंतर पोचलेल्या स्नॅपशॉटचा झेडएफएस बुकमार्क करून ठेवा, तो जागा जवळपास घेत नाही आणि स्नॅपशॉट पुसला तरी त्याच्यापासून पुढचा फरक काढता येतो.

पूर्ण पाठवायचा हिशोब आधी कागदावर करा. अपलोड १० एमबीपीएस असेल तर तासाला जास्तीत जास्त साडेचार जीबी जातात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार दिवसांहून जास्त, तेही लाईन एकदाही न तुटता. मी दोन्ही मशीन एकाच टेबलावर केबलनं जोडून पहिली कॉपी करतो आणि मग बॅकअपचं मशीन गावी नेतो. लातूरच्या दुकानाचं नांदेडला मालकांच्या भावाकडं आहे, एसटीत मांडीवर घेऊन गेलो होतो मी ते, उशी गुंडाळून. तरी रोजच्या फरकात लाईन तुटते, त्यासाठी रिसीव्हला -छोटा एस लावा, मग अर्धवट आलेलं टाकून न देता एक टोकन ठेवलं जातं, आणि सेंड -टी ला ते टोकन दिलं की जिथं तुटलं तिथून पुढं चालू होतं.

वर कमांड पाठवायच्या पद्धतीनं लिहिलीय, पण रोजच्या कामात पाठवायचं की ओढायचं? ओढायचं. म्हणजे मुख्य सर्व्हरला बॅकअप मशीनची किल्लीच द्यायची नाही, बॅकअप मशीननं येऊन घेऊन जायचं. रॅन्समवेअरनं शेअरमधल्या फाईली खराब केल्या तर स्नॅपशॉट वाचतात कारण ते बदलता येत नाहीत, पण कुणी सर्व्हरचा रूटच हातात घेतला तर तो स्नॅपशॉट पुसेल, आणि किल्ली तिथंच असली तर नांदेडचेही पुसेल. मुख्य सर्व्हरवर एक साधा युझर करा आणि झेडएफएस अलाउ वापरून त्याला फक्त सेंडचा अधिकार द्या. नांदेडकडच्या डेटासेटवर रीडओन्ली ऑन ठेवा, नाहीतर तिथं कुणी एखादी फाईल उघडून सेव्ह केली की दुसऱ्या दिवशी रिसीव्ह म्हणतं की इथलं बदललंय, आणि घेत नाही. पेशंटचा किंवा तसाच नाजूक डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर सेंडला -डब्ल्यू लावा, डेटा बंदच जातो आणि किल्ली तिकडं न्यावी लागत नाही.

निघाला की नाही हे कळणं

परभणीच्या अनुभवानंतर मी नियमच केला, तपासणी बॅकअप मशीनवर चालते, मुख्य सर्व्हरवर नाही. झेडएफएस लिस्ट -मोठा एच, -पी, -टी स्नॅपशॉट, -ओ क्रिएशन, क्रमानं लावून टेल -एन १ घेतलं की शेवटच्या स्नॅपशॉटची वेळ सेकंदांच्या आकड्यात मिळते. डेट अधिक टक्का छोटा एस मधून ती वजा करा. उत्तर ९३६०० पेक्षा जास्त, म्हणजे २६ तासांहून जुना, तर लाल निरोप. सोबत झेडपूल स्टेटस -एक्स चा निकाल, आणि महिन्यातून एकदा दोन्हीकडं झेडपूल स्क्रब, म्हणजे डिस्कवर पडून राहिलेला प्रत्येक तुकडा वाचून ताडला जातो.

निरोप चांगला असला तरी रोज पाठवा. सकाळी सात वाजता माझ्या मोबाईलवर एक ओळ येते, डेटासेट, शेवटचा स्नॅपशॉट, किती जागा उरली. ती ओळ आली नाही तर काहीतरी बंद पडलंय, कदाचित निरोप देणारं मशीनच. फक्त बिघाडाचाच निरोप ठेवला तर बंद पडलेलं मशीन आणि सगळं ठीक असलेलं मशीन दोन्ही सारखंच गप्प असतात.

हे सगळं हातानं लिहायचं नसेल तर सॅनॉइड आणि त्याच्या सोबतचं सिंकॉइड हे तयार टूल आहेत, चांगले आहेत, मोठ्या जागी मीही तेच लावतो. पण एकदा तरी वरची स्क्रिप्ट स्वतः लिहा, म्हणजे रात्री दोन वाजता काही अडलं तर नेमकं कुठं बघायचं ते कळतं.

आणि महिन्यातून एकदा रिस्टोअर. मी पहिल्या सोमवारी करतो. बॅकअप मशीनवर पंधरा-वीस दिवस जुना एक स्नॅपशॉट घेऊन झेडएफएस क्लोन करायचा, क्लोन लिहिता येण्याजोगा असतो आणि मूळ स्नॅपशॉटला धक्का लागत नाही, त्यातला हिशोब दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायचा. उघडला म्हणजे झालं असं मी धरत नाही. मुनीमकाकांना लॅपटॉपसमोर बसवतो, ते त्या तारखेचं छापील रोजमेळ काढतात, बोट ठेवून एकेक रक्कम मोठ्यानं वाचतात आणि मी स्क्रीनवर बघून हो म्हणत जातो. रोखीची शिल्लक पैशापर्यंत जुळली की काका पानाच्या कोपऱ्यात पेनानं बरोबरची खूण करून सही करतात आणि मी क्लोन पुसतो.